व्हॅनमध्ये राहायचा खरा खर्च (माझा अनुभव, गोवा)
आम्ही दोघं गोव्यात व्हॅनमध्ये राहतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, डिझेलला किती जातं? अहो डिझेलचं सोडा, पेडण्याहून काणकोण शंभरेक किलोमीटर, तेवढ्यात गोवा संपतो. पैसे जातात ते गाडी उभी असते तेव्हा.

सुरुवात कागदांपासून. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून बेड-किचन बसवायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्या, मगच फॅब्रिकेटरला अ‍ॅडव्हान्स द्या. इन्श्युरन्सवाल्यालाही कळवायचं, प्रीमियम वाढतो, पण वाढू दे, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतात.

मग जागा. बीचवर गाडी लावून चहा टाकू असं वाटत असेल तर विसरा, २०१९ पासून पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, सुरुवातीला तो एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० होता, आणि मला तो कायदा बरोबरच वाटतो, किनाऱ्यावर काय कचरा व्हायचा! आम्ही मोरजीत आतल्या बाजूला एका भाटात (माडांच्या बागेत) महिन्याच्या भाड्याने जागा घेतली, विहिरीचं पाणी, बाथरूम आणि लाइटला सबमीटर (आमच्यापुरता वेगळा मीटर). भाटकारांनी, म्हणजे जागेच्या मालकांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "माडाखाली लावू नकात, नारळ पडलो तर सोलर गेलो." सबमीटर हवाच, कारण १२ व्होल्ट २०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचं माप) लिथियम बॅटरीत जेमतेम अडीच युनिट मावतात, त्यावर फॅन-फ्रिज-लॅपटॉप होतं, मे महिन्यात रात्रभर एसी नाही चालत. गॅसला ५ किलोचा छोटा सिलिंडर, पत्त्याचा पुरावा लागत नाही पण किलोमागे घरगुतीपेक्षा महाग.

आणि पावसाळा!! सोलर जवळजवळ झोपतं, रूफ व्हेंटच्या (छतावरच्या हवेच्या झडपेच्या) कडेचं सीलंट एका जागी सुटलं की पाणी प्लायमध्ये उतरतं, प्लाय फुगतो, गादीखाली बुरशी धरते, मग हवेतला ओलावा ओढणारा डिह्युमिडिफायर आणा, म्हणजे परत वीज. खाऱ्या हवेने चाकावरच्या पत्र्याच्या आत बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात येतात, त्यामुळे मे संपायच्या आत अँटिरस्ट कोटिंग दरवर्षी, यात काटकसर अजिबात नको.

यंदा फोंड्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्याची शेड घेतलीय, भाडं मोरजीएवढंच. कुणी व्हॅन घेणार असाल तर हे चार महिने कुठे काढणार ते आधी ठरवा, गाडीचं मॉडेल नंतर बघा.