मुकादम, अंगणवाडीताई आणि दोन थेंब रस

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शाळेमागच्या पडीक रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, माणसं बीडकडची. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. या पोरांसाठी काहीतरी करायला हवं, असं दोन वर्षं नुसतं म्हणत होते. तिसऱ्या वर्षी त्यांच्यासाठी विज्ञानाचा वर्ग करायला घेतला.

सुरुवातच चुकली. 'विज्ञान उपक्रमास सहकार्य मिळावे' असं पत्र टाइप करून ग्रामपंचायतीला, कारखान्याला आणि तालुक्याच्या कॉलेजला दिलं. ग्रामपंचायतीची पोच मिळाली, बाकीच्यांची तीही नाही. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाने तर हातातली वही बघूनच तोंड फिरवलं. "नावं कशाला लिहिता, बाई?" बारा-तेरा वर्षांची पोरं फडात मोळ्या वाहतात हे वहीत येईल, याची त्याला धास्ती. वही पिशवीत टाकली तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. पुढे शिक्षण हमी कार्डासाठी, म्हणजे स्थलांतरित मुलांची शाळा दुसऱ्या गावीही चालू राहावी म्हणून मिळणाऱ्या कार्डासाठी, नावं लागलीच, पण तोवर आयाच ती सांगायला लागल्या होत्या.

पहिल्या दिवशी सात मुलगे आले. मुलगी एकही नाही. कारण कळायला कोपीपर्यंत जावं लागलं. आईबाप पहाटेच फडात गेलेले, धाकटं भावंड हिच्या कडेवर. ती येणार कशी? मी भिंगं आणि चुंबकं गोळा करत बसले होते आणि वर्गाला आधी लागत होती अंगणवाडीताई. ताईंचा सवाल रोकडा होता: "पोरं सांभाळीन, पण त्यांचा खाऊ कुठून आणू?" सरपंचबाईंनी पर्यवेक्षिकेशी बोलून स्थलांतरित बाळांची नोंद करून घेतली. पुढच्या आठवड्यात पाच मुली आल्या.

कारखान्याने पत्राला उत्तर दिलंच नाही. पण तिथल्या प्रयोगशाळेत माझा जुना विद्यार्थी केमिस्ट आहे. त्याला फोन केला, तो रविवारी हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं हातातलं यंत्र, घेऊन आला. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळ्या-पांढऱ्याची हद्द जिथे लागेल तो ब्रिक्सचा आकडा; जितका मोठा, तितकी रसात साखर जास्त. बुडख्याकडच्या पेराचा आला 20, शेंड्याकडचा जेमतेम 12. "त्यात काय, शेंडा म्हणजे वाढंच की," एक पोरगा म्हणाला. बरोबर होतं त्याचं. रोज वाढे, म्हणजे चाऱ्यासाठी तोडलेले शेंडे, बांधणाऱ्याला ते आम्ही काय शिकवणार? शेंडा अजून वाढत असतो, पानांनी केलेली साखर तिथे खर्ची पडते आणि खालच्या जून पेरांत साठते, एवढीच भर मी घातली.

मग एका मुलीने विचारलं, "ऊस गोड निघाला तर आमच्या आईला जास्त पैसे भेटतात का?"

केमिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले, त्यालाच बोलू दिलं. कारखान्याचा साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चांगला असला की शेतकऱ्याचा दर वाढतो, तोडणी मात्र टनावर. काट्यावर वजन भरतं त्याचे पैसे. उसात बहुतेक पाणीच असतं, हे त्यानेच मघाशी सांगितलेलं.

तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग आमच्यासाठी पाणचट ऊसच बरा."