काठावरचा ढीग

पुण्यातील एका महाविद्यालयात मी माहितीपट-निर्मिती शिकवते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये उजनी जलाशयाच्या प्रदूषणावर चित्रीकरण करणाऱ्या माझ्या पाच विद्यार्थ्यांसोबत मी भिगवणजवळच्या काठावर होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात येते. आमच्याच घरांतून निघालेल्या पाण्याच्या मागावर आम्ही गेलो होतो.

पहाटे पाणी गडद हिरवे दिसत होते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर शेवाळ वाढते, रात्री तेच शेवाळ पाण्यातील प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी उरतो, हे मुलांनी वाचलेले होते. त्यासाठीच ती अंधारात उठली होती. काठावर चिलापी जातीचे मेलेले मासे होते, पण दहा-वीस पावलांवर एखादा. मी बॅटरी घेऊन परतले, तेव्हा कॅमेऱ्यासमोर त्यांचा ढीग रचलेला होता.

होडीवाले मामा जाळे आवरताना थांबले. "एवढी मासळी एका जागी कधी लागत नाही, पोरांनो. हे बघून उद्या कोणी आमचा मासा घेतला नाही, तर आम्ही काय करायचं?"

ढीग रचणारी विद्यार्थिनी रडवेली झाली. "मॅडम, एकेक मासा पडद्यावर दिसणारच नाही," असे ती म्हणाली, आणि तिची अडचण खरी होती. नदीचे मरण असेच विरळ आणि संथ असते. कॅमेऱ्याला मात्र गर्दी हवी असते. सत्यनिष्ठेवर मी वर्गात पुष्कळ बोलले होते, परंतु खोट्या दृश्याने कोणाचा बाजार बसेल, हे मुलांना कधी विचारले नव्हते. ती चूक माझी होती.

ते चित्रण आम्ही तिथेच पुसले. मग त्याच मुलीने कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरला आणि अजून कोणी न गेलेल्या काठाने, मध्ये कुठेही न थांबवता, अकरा मिनिटे चित्रीकरण केले. मामा शेजारून चालत होते. वाटेत तेवीस मासे लागले. प्रत्येकापाशी वाकून, कल्ले उचकटून ते सांगत होते, "ही जाळ्यातनं पडलेली. ही पाण्यानं मेलेली. ही पण पाण्यानंच." नऊ मासे त्यांनी जाळ्याच्या खात्यावर टाकले. माहितीपटात तो आवाज आम्ही जसाच्या तसा ठेवला, त्या नऊ माशांसह.