महामार्गावरून न दिसणारं धुळे

इंदूरला बहिणीकडे जाता-येता मी धुळ्यावरून पंधरा वेळा तरी गेलो असेन. दिसायचं ते एवढंच: ट्रकांच्या रांगा, ढाबे, सुरत-आग्र्याच्या पाट्या. या डिसेंबरात मात्र मुद्दाम दोन रात्री मुक्काम केला.

जुनं धुळे बघायचं तर गाडी लॉजवरच ठेवा. इंग्रजांचा अंमल 1818 मध्ये बसल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथली पेठ नव्याने आखली. सरळ रस्ते आणि ओळीने गल्ल्या. त्यांना आजही नंबरच आहेत. पत्ता विचारला की ‘चार नंबर गल्लीत’ असं उत्तर येतं. संध्याकाळी आग्रा रोडने पाचकंदील या बाजारभागाकडे चालत जा. गर्दी असते, पण चालणाऱ्याला सगळं सापडतं.

मला खरं धुळे भेटलं ते कागदांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच शहरात गेले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात मोडी दप्तरं आणि जुन्या मूर्ती आहेत. मोडीची ती वळणं बघताना मी तासभर जागचा हललो नाही. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या आहेत. शंकर श्रीकृष्ण देव नावाच्या इथल्या वकिलांनी मठामठांतून फिरून त्या गोळा केल्या. एक माणूस वकिली सांभाळून हे काम आयुष्यभर करतो, याने मी भारावून गेलो. दोन्ही ठिकाणी जाण्याआधी फोन करून वेळ विचारा आणि सकाळच धरा.

तिसरी जागा बाहेरूनच बघता येते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं, आणि कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार. म्हणजे ऐन खानदेशी उन्हाळ्यात! तुरुंग आजही तुरुंगच आहे, त्यामुळे भिंतीजवळ फोटो काढत बसू नका.

लळिंगचा किल्ला नाशिकच्या बाजूला, शहरापासून दहाएक किलोमीटर. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळातला. उजाडताच चढायला लागा, पाणी खालूनच न्या. थंडी सोडून येऊ नका, एप्रिल-मे तर टाळाच.

आता जेवण. शेवभाजी मागवताना ‘तिखट कमी’ असं आधीच सांगा. रस्सा काळ्या मसाल्याचा असतो आणि शेव ताटात ऐन वेळी पडते, म्हणून गरम असतानाच खा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत मिळालं तर दुसरं काही मागवू नका. मांडे, म्हणजे इथल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, मात्र हॉटेलात शोधून दमलो. ते खावेत घरी, उलट्या खापरावर भाजलेले. पाच नंबर गल्लीत एका आजींना मी त्याबद्दल विचारत होतो, तर त्या अहिराणीत म्हणाल्या, “जेवीसन जाय भो.” म्हणजे जेवून जा, भाऊ. सणवार नव्हता, पुरण नव्हतं, तरी ताट वाढलं: भाकरी, ठेचा आणि डुबुकवडे, म्हणजे रश्शात सोडलेले बेसनाचे वडे.

रेल्वेने यायचं असेल तर बहुतेक वेळा चाळीसगावला गाडी बदलावी लागते. नाशिकहून एसटी जास्त सोयीची. पुढे इंदूरकडे जाताना स्वतःची गाडी असेल तर उत्तरेला सोनगीरला थांबा, तिथली तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. मी बहिणीसाठी एक घागर घेतली, आणि इंदूरपर्यंत ती मांडीवरच होती.