जुने दिवाळी अंक वेबवर नेताना मजकूर कुठे फुटतो

दादर-गिरगावातल्या लहान प्रकाशकांकडे नव्वदच्या दशकापासूनचे दिवाळी अंक पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत पडून आहेत. ते वेबवर आणायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती सीएमएस (वेबवरचा मजकूर साठवणारं-सांभाळणारं सॉफ्टवेअर) कोणतं घ्यायचं, हेडलेस (मजकुराचा साठा एकीकडे, दर्शनी पानं वेगळी) घ्यायचं का, एआयवाला शोध बसवायचा का, याची. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. मजकूर आत घेतानाच स्वच्छ केला नाही, तर पुढे कितीही महागडं सीएमएस आणलं तरी तेच फुटकं मराठी नव्या कपड्यांत दिसणार.

डीटीपीच्या जुन्या फॉण्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. ‘स्थिती’मध्ये आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला, म्हणजे आज वेबवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताला, उच्चाराचा क्रम लागतो: स, हलन्त, थ आणि त्यानंतर वेलांटी. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायला हवी. साधे कन्व्हर्टर एकच अक्षर ओलांडतात. मग वेलांटी अर्ध्या सला चिकटते आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. रफाराचं नेमकं उलट. ‘मूर्ती’त तो जुळाऱ्याने शेवटी टाइप केलेला असतो, त्याला मागे आणून तच्या आधी बसवावं लागतं. ‘वर्षांत’मध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असला तर तो फोडून दोन ठिकाणी वाटावा लागतो. स्थिती, मूर्ती, वर्षांत, दऱ्या, निष्क्रिय, ऑर्डर असे शब्द एका फायलीत ठेवा आणि कोणताही कन्व्हर्टर विकत घेण्याआधी त्यांच्यावर चालवून पाहा.

मजकूर कॉपी-पेस्ट करून कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. पेस्ट करताना फॉण्टचं नाव गळून पडतं आणि मग लेखातलं इंग्रजी नाव, फोन नंबर, जाहिरातीतला पत्ता, सगळ्याचा देवनागरी कचरा होतो. खात्रीचा मार्ग थोडा लांबचा आहे. पेजमेकरची फाइल पानमांडणीच्याच इनडिझाइन सीएस६ या सॉफ्टवेअरमध्ये उघडा (त्यानंतरच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत, म्हणून एखादा जुना संगणक जपून ठेवा) आणि आयडीएमएल म्हणून सेव्ह करा. आयडीएमएल म्हणजे एक झिप फाइल. तिच्या आतल्या ‘स्टोरीज’ फोल्डरमध्ये मजकूर एक्सएमएलमध्ये (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या रूपात) असतो आणि फॉण्ट जिथे बदलतो तिथे त्याचं नाव नोंदलेलं असतं. जुन्या मराठी फॉण्टचे तेवढेच तुकडे बदला, बाकीच्यांना हात लावू नका. कोणत्या तुकड्याचं कोणतं युनिकोड अक्षर, हा तक्ता प्रत्येक फॉण्टकुटुंबाचा वेगळा असतो, तेव्हा एकाच अंकात दोन-तीन तक्ते लागले तर नवल नाही. पीडीएफमधून मजकूर उपसणं हा शेवटचा उपाय. तिथे युनिकोड फॉण्ट असला तरी जोडाक्षरं विस्कटून येतात.

रूपांतर झाल्यावर एकसारखेपणा आणायचा. ‘दऱ्या’तला अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: नुक्त्याचा (अक्षराखालच्या टिंबाचा) ऱ + हलन्त; साधा र + सुटा नुक्ता + हलन्त; किंवा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. तिन्ही दिसायला सारखे असतात, पण शोधयंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात हिंदी वळणाचा ऍ असतो, नाहीतर ‘अ’वर चंद्र ठेवलेला. एक रूप ठरवा आणि तो नियम लेख सेव्ह होतानाही चालवा, वाचकाने शोधचौकटीत लिहिलेल्या शब्दावरही चालवा. दुसरा भाग हमखास राहून जातो.

वर्डप्रेस या सीएमएसमध्ये एक खड्डा खास आपल्यासाठी आहे. मराठी शीर्षकातून आपोआप बनणारी लिंक २०० अक्षरांवर कापली जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये ९ अक्षरांची जागा खातं, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘गिरणगावातल्या चाळींमधली नाटकं’ आणि ‘गिरणगावातल्या चाळींमधली भजनं’ या दोन्ही लेखांची लिंक ‘चाळींमधली’पाशीच संपते आणि दुसरीच्या मागे नुसता २चा आकडा लागतो. अंकाचं वर्ष आणि लेखाचा क्रमांक घालून छोटी लिंक हाताने द्या. ती प्रसिद्धीआधीच द्या, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक नंतर बदलणं त्रासाचं असतं.

पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही, तर मराठी रूपं असलेल्या फॉण्टातही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींची उंची अक्षराच्या मापाच्या १.६ पटीच्या आसपास ठेवली की वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडत नाहीत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉण्टसंस्थेचे मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ वेबवर सहज वापरता येतात. नको असलेली अक्षरं काढून फॉण्ट हलका कराल तेव्हा झेडडब्ल्यूजे आणि जोडाक्षरांचे नियम त्यात राहिलेत ना, एवढं पाहा.

फाइलच नसलेल्या अंकांसाठी ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं. इथे एआयची खरी मदत होते आणि खरा धोकाही तिथेच आहे. भाषामॉडेल अंधूक अक्षर ओळखतं तसं न सांगता शुद्धलेखनही ‘सुधारतं’. १९६२च्या नियमांआधीच्या अंकातलं ‘कांहीं’ गुपचूप ‘काही’ होतं, कथेतल्या पात्राचं ‘व्हता’ ‘होता’ होतं. संग्रहाच्या दृष्टीने ही मोडतोडच. त्यामुळे सीएमएसमध्ये दोन वेगळे रकाने करा: एकात छापलेला मजकूर जसाच्या तसा, मुद्रितशोधकाने पानाच्या स्कॅनशी ताडून पाहिलेला, दुसऱ्यात आजच्या लेखनाप्रमाणे केलेली प्रत, फक्त शोधासाठी. वाचकाला आणि ई-पुस्तकाच्या ईपब फाइलला नेहमी पहिलाच द्या.