निकोडेमसची जमीन

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीत वारा पडतच नाही. सकाळी कामावर उतरलं की कानात जे घोंगावायला लागतं, ते संध्याकाळी गाडीच्या काचा वर केल्यावरच थांबतं. त्या दिवशी अशा वाऱ्यात एक आजी आमच्या उत्खननाच्या चराशेजारी घडीची खुर्ची टाकून बसल्या. वय ऐंशीच्या पुढे. शेत त्यांच्याच घराण्याचं.

इथलं निकोडेमस हे गाव वसलं १८७७ साली. गुलामगिरीतून सुटलेली केंटकीची कृष्णवर्णीय कुटुंबं स्वतःच्या जमिनीच्या ओढीने इथे आली. ना झाडं, ना घरबांधणीचं लाकूड. म्हणून त्यांनी जमीनच खोदली आणि तिच्यात संसार मांडले. विलियाना हिकमन १८७८ मध्ये पोचल्या. गाव कुठाय असं विचारल्यावर नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं आणि मला रडू फुटलं, अशी आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस दिलं, तेव्हा कुठे माणसं तगली. पुढे १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि दुकानंही तिकडेच गेली.

१९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पाहुणे येतात, उभ्या असलेल्या पाच जुन्या इमारती पाहतात. त्या पाहाव्यातच. पण ज्या घरांत हे लोक आधी जगले, त्यांचा आज फार तर गवतातला एखादा खोलगट भाग दिसतो. माझं सगळं लक्ष त्या खळग्यांवर.

दोन दिवस आम्ही खळग्याच्या उत्तरेला खणत होतो. हाती नुसती पिवळट माती. आजी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पोरी, तिकडून कोण कशाला दार ठेवील? हिवाळ्यातला वारा तिकडूनच येतो. माझी आजी सांगायची, दार दक्षिणेला होतं."

दोऱ्या सोडून दक्षिणेला बांधल्या. दुपारपर्यंत थापीखालची माती बदलली. आधी राखट, कोळशाचे कण असलेली आणि तिच्याखाली बोटभर जाडीचा घट्ट, गुळगुळीत थर. पायांनी तुडवून तुडवून झालेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकत असताना इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन घरांच्या जमिनींचे आराखडे बघत मी रात्री काढल्या आहेत, त्यामुळे हात तिथेच थांबला. ही घराची जमीन होती. कडेला चाळणीत एक पांढरं बटण आलं, चिनी मातीचं, चार भोकांचं. एका भोकाची कड दोऱ्याने झिजलेली.

बटण आजींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने फिरवलं, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला खाली उतरव."

असं करायचं नसतं. कोरलेल्या थरावर पाहुण्याचा पाय पडू द्यायचा नसतो. मी फोटो काढून घेतले, मापं टिपली, फळी टाकली आणि दोघांनी दोन्ही कोपरांना धरून त्यांना उतरवलं. पालथ्या बादलीवर त्या बसल्या. मीही शेजारी उकिडवी बसले.

एकदम शांत झालं. वरती गवत आडवं होत होतं आणि खाली आमच्या कपाळावरचा केससुद्धा हलत नव्हता.

"इथे वारा लागत नाही," आजी म्हणाल्या.

वरून सहकाऱ्याने पिशवीवर लिहायला थराचा नंबर विचारला. मी सांगितला. आजींना आणखी थोडा वेळ बसू दिलं.