मायचा डोळा अन् चष्म्याचं दुकान

आर्वीला एक चष्म्याचं दुकान आहे, बाहेर ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, अशी पाटी, पण आम्ही सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचो. नंबर काढला, फ्रेम निवडली, भाव केला की निघालो. मायच्या डोळ्याचं झालं तेव्हापासून मी चष्मेवाला म्हणणं सोडलं.

जानेवारीत माय तूर सोंगून राहिली होती, वाळली काडी फटकन डोळ्यात लागली. पदराचा बोळा करून वाफ दिली अन् परत विळा हातात. रात्री डोळा लालभडक, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. सकाळी मी मेडिकलवरून ड्रॉप आणला, चिठ्ठी नाही काही नाही, डोळा लाल झाला एवढं सांगितलं अन् त्यानं काढून दिला. तीन दिवस टाकला. लाली उतरली म्हणून आम्ही खूश, पण ठणक वाढतच गेली अन् तिला धुरकट दिसू लागलं.

चौथ्या दिवशी आर्वीला नेलं, कारण डोळ्याचं म्हणून जवळ तेवढंच होतं. त्यानं नंबरच्या मशीनला हातही नाही लावला. आधी विचारलं, "काकू, काय लागलं, वावरातलं का?" मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या लाईटच्या मशीनवर, हनुवटी टेकवायला लावली, केशरी टोकाची कागदाची पट्टी ओली करून खालच्या पापणीला आतून लावली, निळा लाईट सोडला अन् मला म्हणे, "दादा, इथून पहा." बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा हिरवा डाग चमकून राहिला होता. वरचा पापुद्रा निघाला की तिथं तो रंग धरतो.

मग त्यानं ड्रॉपची बाटली मागितली. स्टेरॉइड होतं त्यात. पऱ्हाटी, तुराटी, धानाची लोंबी असं काही लागून जखम झाली की बुरशी शिरू शकते, स्टेरॉइडनं लाली दबते पण बुरशीला मोकळं रान मिळतं, हे त्यानं शांतपणे समजावलं. मला रागावला असता तरी चाललं असतं. "हा ड्रॉप बंद, डोळा चोळायचा नाही, पट्टी बांधायची नाही, अन् उद्या नाही, आजच सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. याचा इलाज माझ्याकडे नाही." चिठ्ठी लिहून दिली, पैसे घेतले नाही.

सेवाग्रामला बुबुळावरून खरवडून तपासलं, बुरशीच निघाली. तासातासाला थेंब, रात्रीही, मोबाईलमध्ये अलार्म लावून मी अन् बायको आळीपाळीनं उठायचो. दीड महिना गेला. डोळ्यात बारीकसं फूल राहिलं, पण माय सुईत दोरा ओवते.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्यांनाच तिथं नेलं. बाबा बाजारातला तयार चष्मा लावायचे, त्यात दोन्ही काचा सारख्या नंबरच्या असतात, अन् त्यांचा एक डोळा दीड तर दुसरा सव्वादोन निघाला, म्हणून पेपर वाचताना डोकं दुखायचं. हवेचा फुस्सकन झोत मारून काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर पाहिलं, ते 21 च्या आत, म्हणजे नेहमीएवढं होतं. शुगर आहे म्हटल्यावर दरवर्षी डोळ्याचा आतला पडदा तपासायला डॉक्टरकडे जाच असं बजावलं, दिसत चांगलं असलं तरी. काचबिंदू अन् शुगर दोन्ही आतल्या आत डोळा खातात, काचबिंदूनं गेलेली नजर तर परत येत नाही. पुतणी सहा वर्षांची, तिचा उजवा डोळा झाकला तर डाव्यानं वरची दोनच अक्षरं वाचली. आम्हाला पत्ताच नव्हता, ती तर मोबाईल पाहते, चित्रं काढते! आता चष्मा आहे अन् रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. लहानपणीच केलं तर आळशी डोळा कामाला लागतो म्हणे, मोठेपणी अवघड जातं.

मायसाठी बिननंबरचा, बाजूनं झाकलेला चष्मा घेतला. यंदा तूर सोंगायला गेली तेव्हा बांधावरूनच परत आली, मला वाटलं काही लागलं का पुन्हा.

"चष्मा राह्यला ना रे घरी," म्हणे.