टाके किती पडले?

कामावर कुणाला लागलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो तो म्हणजे "टाके पडले का ओ?" कसा आहे, कुठं नेलाय, घरी फोन केला का, हे सगळं मग. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू ओतून भाग करायच्या कारखान्यात, टाइम ऑफिस बघतो आणि जोडीला सेफ्टीचे कागदपण माझ्याच टेबलावर, म्हणजे मस्टर आणि अपघाताचं रजिस्टर एकाच कपाटात, एकाच किल्लीत. आता अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत कळलंय ते हेच की अपघात होणं वेगळं आणि अपघात "लिहिला जाणं" वेगळं, मधे एक माणूस पेन घेऊन बसलेला असतो आणि तो माणूस बऱ्याचदा मीच असतो.

कायद्याचं सांगतो आधी, कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या १९४८ च्या जुन्या फॅक्टरी ॲक्टचं ८८ वं कलम म्हणायचं की अपघातात माणूस गेला, किंवा त्याला असं लागलं की त्यानंतर सलग ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही, तर फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातसुद्धा ते ४८ तास तसेच ठेवलेत. म्हणजे सगळा खेळ त्या ४८ वर. आता तुम्ही मला सांगा, सोमवारी दुपारी बोटं चेमटली आणि बुधवारी सकाळच्या पाळीला माणूस मस्टरवर दिसला, तर ४८ तास भरले का? नाही भरले. मग तो मस्टरवर दिसलाच पाहिजे, बरोबर?

याला आमच्याकडं खुर्चीवरची हजेरी म्हणतात.

आमच्या फेटलिंगमधला, म्हणजे ओतलेले भाग, कास्टिंगं, घासून साफ करतात त्या खात्यातला एक हेल्पर, ठेकेदाराचा नव्हे, कंपनीचाच. चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कास्टिंग उचलून ग्राइंडरपाशी ठेवताना दुसरं कास्टिंग घसरलं आणि डाव्या हाताची दोन बोटं मधे सापडली. मिरजेला नेलं, पाच टाके, टीटी, ड्रेसिंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर त्याला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो पाच दिवस माझ्या टेबलासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होता. काम काय तर काही नाही, दोन वेळा मी त्याला चलनं मोजायला दिली तेवढीच. पगार पूर्ण मिळाला, तोही खूश, त्याची बायको येऊन गेली तीपण खूश, म्हणाली साहेबांनी सांभाळून घेतलं. अपघाताच्या पुस्तकात मी लिहिलं "किरकोळ, प्रथमोपचार". अक्षर माझंच आहे. ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, जो अपघाताचा रिपोर्ट जातो, फॉर्म १२, तो गेलाच नाही.

आठ महिन्यांनी ते मधलं बोट वाकेना. आखडलं ते आखडलंच, ग्राइंडर धरता येईना, आणि तो ईएसआयला गेला तेव्हा त्याला विचारलं, अपघाताची नोंद कुठाय? कामावर लागलं असेल तर ईएसआय अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्के देतं, साधं आजारपण असेल तर ७० टक्के, आणि कायमचं अधूपण ठरलं तर महिन्याची रक्कम आयुष्यभर चालू, पण त्या सगळ्याच्या मुळाशी कागद लागतो की अमुक दिवशी अमुक मशिनवर लागलं. कागदावर काय, तर "किरकोळ". ती केस पुढं झाली, झाली म्हणजे कशीबशी झाली, हजेरीपत्रक, मिरजेच्या दवाखान्याचं बिल, दोन साक्षीदार, वर्षभर हेलपाटे. मी त्याच्याबरोबर तीनदा गेलो. तो मला एक शब्द बोलला नाही वाकडा, तेच जास्त लागलं.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली, पंपाच्या बॉडीची कास्टिंगं, आणि ऑर्डरबरोबर त्यांचा एक फॉरमॅट आला की दर तिमाहीला तुमच्या इजा आमच्या पद्धतीनं मोजून पाठवा. त्यांची पद्धत म्हणजे ओशाची, १९७० च्या कायद्यातनं आलेली कामगारांच्या सुरक्षेची तिकडची सरकारी संस्था, आणि नोंद कशाची करायची याचा त्यांचा एक स्वतंत्र नियमच आहे. मी तो प्रिंट काढून घरी नेला आणि चार रात्री वाचला. बायको म्हणाली एमपीएससीला बसताय काय.

त्यांच्याकडं ४८ तास वगैरे नाही. तिथं विचारायचं असं, इजा कामामुळं झाली का, नवीन आहे का, आणि झाली असेल तर तिच्यामुळं माणूस गेला का, बेशुद्ध पडला का, एक दिवस तरी सुट्टी पडली का, नेहमीचं काम सोडून दुसरं हलकं काम द्यावं लागलं का, किंवा प्रथमोपचाराच्या पलीकडं उपचार लागले का. यातलं एक जरी हो आलं तरी नोंद. आता ते हलक्या कामाचं परत वाचा. म्हणजे माझी ती प्लॅस्टिकची खुर्ची! डॉक्टरनं किंवा कंपनीनं म्हटलं की याला ग्राइंडरवर नको, ऑफिसात बसू दे, की झाली नोंद. फक्त ज्या दिवशी लागलं तो दिवस धरत नाहीत. मी ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं आणि जरा वेळ गप्पच बसलो. कुणीतरी तिकडंपण खुर्च्या मांडल्या असणार, त्याशिवाय हे कलम घालायचं सुचलं नसतं.

पण म्हणून तिकडचे लोक धुतल्या तांदळाचे आहेत असं समजू नका. त्यांनी प्रथमोपचार म्हणजे काय याची यादीच दिलीय, आणि यादी आली की यादीच्या अलीकडं राहायची धडपड आली. जखमेला चिकटपट्टीसारखी पट्टी लावून कडा जवळ आणल्या तर प्रथमोपचार, टाका घातला तर वैद्यकीय उपचार. टीटीचं इंजेक्शन प्रथमोपचार. फोड फोडून पाणी काढलं, प्रथमोपचार. मालीश केलं तर प्रथमोपचार पण फिजिओथेरपी केली तर नोंद. आयबुप्रोफेनची २०० ची गोळी घेतली तर काही नाही, डॉक्टरनं ६०० ची लिहून दिली तर नोंद. आणि आमच्याकडं रोजचा प्रकार म्हणजे डोळ्यात कणी जाणं, ग्राइंडरवर गॉगल कपाळावर सरकवलेला असतो ना, तो. कणी पाण्यानं धुऊन किंवा कापसाच्या बोळ्यानं निघाली तर प्रथमोपचार, डॉक्टरला अवजार घेऊन उकरून काढावी लागली तर नोंद. तेव्हा आता आमच्या मॅनेजरला डोळ्याच्या डॉक्टरपेक्षा कापसावर जास्त श्रद्धा आहे. "बघ रे कापसानं निघतीय का." कणी बुबुळात रुतलीय आणि हा कापूस घेऊन उभा! त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज चढवला, आणि गाडी काढून पोराला नेला.

हे सगळं का, तर आकड्यासाठी. त्यांचं गणित असं की वर्षातल्या नोंदी गुणिले २ लाख, भागिले सगळ्यांनी मिळून भरलेले कामाचे तास. २ लाख कुठनं आले तर १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. समजा आमचे ४ लाख तास भरले आणि नोंदी ४ झाल्या तर आकडा २. एक कणी वाढली की अडीच. मग गिऱ्हाइकाचा मेल येतो, कारणं द्या, सुधारणा काय केली सांगा, आणि तो मेल आला की ऑफिसातलं वातावरण असं होतं की जणू मीच कुणाच्या तरी डोळ्यात कणी टाकली.

आणि गंमत बघा, त्या नियमातच लिहिलंय की नोंद केली म्हणजे कंपनीची चूक होती असं नाही, कामगाराची चूक होती असंही नाही, नियम मोडला असंही नाही. नुसती नोंद. पण हे आमच्याकडं कुणाला पटवायचं? आमच्याकडं नोंद म्हणजे गुन्हा दाखल झाल्यासारखं, दोन्हीकडनं. मालकाला वाटतं इन्स्पेक्टर येईल आणि कामगाराला वाटतं आपल्याला काढतील.

काही ठिकाणी मात्र आपलं बरं आहे हे कबूल करायला पाहिजे. मिरजेहून सकाळी मोटरसायकलवर येताना गेटच्या बाहेर कुणाला उडवलं तर त्यांच्या हिशोबात ती कामावरची इजा नाही, पण आपल्याकडं ईएसआयमध्ये २०१० पासून घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरतात. आणि त्यांच्याकडचं एक वाचून तर मला हसूच आलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी घशात अडकली तर नोंद नाही पण कंपनीनं दिलेल्या जेवणानं विषबाधा झाली तर आहे. आमचं कँटीनचं सांबार आठवलं.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिथं दोन्हीकडचे कागद लंगडे पडतात. ती म्हणजे आजार. बोट चेमटलं तर तारीख असते, वेळ असते, आरडाओरडा झालेला असतो. कोअर शॉपमध्ये, जिथं साच्यातले वाळूचे गाभे बनतात तिथं, वाळूची धूळ गिळत वीस वर्षं काढलेल्या माणसाला सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, कुठल्या तारखेला झाला? तो खोकतो, कुणीतरी टीबीचा कोर्स चालू करतं, मग गावाकडं जातो आणि तिकडंच राहतो. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार आहेत, सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, आवाजानं येणारा बहिरेपणा आहे, आणि ते कंपनीनं तर कळवायचेच पण तपासणाऱ्या डॉक्टरनंपण कळवायचे असं लिहिलंय. मी अकरा वर्षांत एक फॉर्म भरलेला नाही आजाराचा. एकपण नाही. आणि शेक-आऊटला, म्हणजे कास्टिंग हादरवून साच्यातनं मोकळं करतात तिथं, उभी असलेली आमची जुनी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, जेवायला बसल्यावरसुद्धा, आम्ही त्याला त्यांचा स्वभाव समजतो. इकडं विट्याला माझी मावशी राहते, तिच्या गल्लीत तर सगळे यंत्रमागवाले तसेच बोलतात, आणि तिथली बरीच युनिटं इतकी छोटी की फॅक्टरीच्या व्याख्येतच बसत नाहीत, नव्या संहितेत पॉवरवर चालणाऱ्या ठिकाणी २० माणसं तरी लागतात. मग नोंद कोण ठेवणार, मागाचा खटखट आवाज?

यंदा मी डॉक्टरांच्या मागं लागून जुन्या बत्तीस जणांची कानाची तपासणी करून घेतली. रिपोर्ट आलेत, टेबलावर आहेत. मॅनेजर म्हणाले खंडेनवमी होऊ दे, मग बघू. खंडेनवमी झाली, ग्राइंडरला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले, रिपोर्ट अजून टेबलावरच आहेत. सोमवारी मी ते परत त्यांच्यासमोर ठेवणार आहे, सही घेऊनच उठायचं असं ठरवलंय.

तोवर मी एक केलंय. सरकारी रजिस्टरशिवाय माझी एक दोनशे पानी वही ठेवलीय, त्यात सगळं लिहितो, खरचटलं तरी. वेळ, मशीन, कुठला हात, कोण शेजारी होतं. किरकोळ हा शब्द त्या वहीत वापरायचा नाही असं ठरवलंय.

परवा कँटीनच्या पोराच्या मनगटावर चहाचं पातेलं कलंडलं. ठेकेदाराचा पोरगा, एकोणीस वर्षांचा असेल. मी वही काढली तसा तो म्हणाला, "सायेब, लिवू नका, ठेकेदार काढंल." म्हटलं काढणार नाही, मी बोलतो. बोललो पण, ठेकेदार "हो हो" म्हणाला, त्याच्या हो ला काय अर्थ आहे ते मला माहीत नाही. लिहिलं मी. सकाळी ११:२०, डावं मनगट, दोन रुपयाच्या नाण्याएवढे तीन फोड, दवाखान्यात नेला. काल तो आला, हाताला पांढरं ड्रेसिंग आणि दुसऱ्या हातात चहाची किटली. पेला टेबलावर ठेवताना त्यानं आधी वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडं गेला.